मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

विमानाने परदेशी जाणे ही एके काळी मोजक्या शहरवासीयांची गोष्ट होती. आज ती स्थिती उरलेली नाही. राज्यातील कितीतरी तालुक्यांतून मुलेमुली शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त अमेरिकेत गेली आहेत. आणि ज्यांनी पूर्वी मुंबईपलीकडे फारसा प्रवास केलेला नाही असे त्यांचे आईवडीलही तिकडे जाऊन राहून येऊ लागले आहेत. साहजिकच गावात शिक्षकांना, ग्रामसेवकांना आणि पंचायतीच्या सदस्यांना दोन प्रश्न विचारले जातात : न्यूयॉर्क येथून किती दूर आहे, आणि तेथे पोहोचावयास किती वेळ लागतो?

प्रश्न साधे दिसतात, परंतु त्यांची जातकुळी वेगवेगळी आहे. पहिल्याचे उत्तर भूमितीचे असून ते बदलत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र वारा, इंधन, राष्ट्राराष्ट्रांतील संबंध आणि घड्याळ यांच्या अधीन आहे. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे विद्यार्थी चुकीचा भूगोल शिकतो, आणि क्वचित प्रसंगी प्रवाशाचे विमानही चुकते.

भिंतीवरील नकाशा आणि पृथ्वीगोल

प्रथम अंतराचा विचार करू. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांश व ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांश येथे आहे. न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ ४० अंश ३८ मिनिटे उत्तर अक्षांश व ७३ अंश ४७ मिनिटे पश्चिम रेखांश येथे येतो. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेस जितकी दूर, जवळजवळ तितकेच न्यूयॉर्क पश्चिमेस दूर, हा योगायोग वर्गात सांगण्याजोगा आहे. दोहोंच्या रेखांशांतील फरक सुमारे १४६ अंश ४० मिनिटे भरतो.

आता वर्गातील भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा घ्यावा. पुष्कळ नकाशे मर्केटर प्रक्षेपणावर आधारलेले असतात. त्यावर पट्टी ठेवून मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया व मोरोक्को या देशांवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. रेघ सरळ आहे, म्हणून तीच सर्वांत जवळची वाट असली पाहिजे, असे विद्यार्थ्यास वाटते. पुष्कळदा ते शिक्षकांसही वाटते. वस्तुतः ही वाट सुमारे १४,२०० किलोमीटरची आहे. तीत दिशा कायम राहते, एवढाच तिचा गुण. जुन्या काळच्या नाविकांना होकायंत्राच्या आधारे एकाच दिशेने जहाज हाकता यावे, यासाठीच हे प्रक्षेपण सोयीचे ठरले होते.

गोलाच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील अत्यंत जवळची वाट म्हणजे बृहद्‌वृत्ताचा कंस होय. ज्या वर्तुळाचे केंद्र व पृथ्वीचे केंद्र एकच, ते बृहद्‌वृत्त. वर दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून गोलीय त्रिकोणमितीने हिशेब केल्यास मुंबई व न्यूयॉर्क यांच्यामध्ये पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ११२.७ अंशांचा कोन होतो. एका अंशास पृष्ठभागावर सुमारे १११.२ किलोमीटर पडतात. म्हणजे हे अंतर १२,५३० किलोमीटरच्या आसपास येते. वैमानिकांच्या परिभाषेतील सागरी मैल हा तर अंशाच्या साठाव्या भागावरूनच, म्हणजे एका मिनिटावरूनच, ठरविलेला आहे. त्याची लांबी १.८५२ किलोमीटर. नकाशावरील सरळ रेघेपेक्षा ही वाट सुमारे १,६५० किलोमीटरांनी कमी भरते.

ही वाट कोठून जाते, हे पाहिले म्हणजे प्रथमदर्शनी नवल वाटते. न्यूयॉर्क पश्चिमेस असले तरी विमानाने मुंबईहून निघताना तोंड जवळजवळ उत्तरेकडेच ठेवावयास हवे. उत्तरेपासून पश्चिमेकडे केवळ सत्तावीस अंश वळलेले. वाट सौराष्ट्र व कच्छचे रण ओलांडून सिंधमध्ये शिरते. पुढे अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम कझाकस्तान लागतात. ती मॉस्कोच्या जवळून जाते, फिनलंडचा दक्षिण भाग व स्वीडन ओलांडते आणि नॉर्वेतील ट्रॉन्हेमजवळ समुद्रावर येते. आइसलंडच्या थोडे अलीकडे ती आपल्या सर्वांत उत्तरेच्या बिंदूस, म्हणजे ६४ ते ६५ अंश अक्षांशांच्या दरम्यान, पोहोचते आणि तेथून दक्षिणेस उतरू लागते. आइसलंडच्या मध्यावरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकास चाटून, कॅनडातील लाब्राडोर व अमेरिकेतील मेन या प्रदेशांवरून ती न्यूयॉर्कला येते. भाजून काढणाऱ्या वाळवंटावरून नव्हे, तर बर्फाळ प्रदेशाच्या काठाने जाणारी ही वाट आहे.

याची प्रचीती शाळेत सहज घेता येते. तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असेल तर त्याच्या विषुववृत्ताची लांबी सुमारे ९४ सेंटिमीटर होते. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर टेकवावे आणि दोरा ताणावा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो व साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. तोच दोरा ओमान, इजिप्त व मोरोक्को या देशांवर बोटाने दाबून धरीत नेला, तर सुमारे चार सेंटिमीटर अधिक दोरा लागतो. एवढ्या एका प्रयोगासाठी तरी कपाटात कुलूपबंद असलेला पृथ्वीगोल बाहेर काढावा, असे सुचवावेसे वाटते. पाच वर्षे न वापरलेली वस्तू जपून ठेवली, हे कोणत्याही शाळेच्या दप्तरात भूषण म्हणून नोंदविण्यासारखे नाही.

आकाशातील हद्दी

दोऱ्याने दाखविलेली वाट ही गणिताची वाट होय. प्रत्यक्ष विमान तिच्यावरून तंतोतंत जातेच असे नाही, बहुधा जात नाहीच. १९४४ च्या शिकागो करारान्वये प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य झालेले आहे. त्यामुळे ज्या राष्ट्रावरून जावयाचे त्याची अनुमती लागते, त्यास मार्गशुल्क द्यावे लागते, आणि त्याने दार लावून घेतले की वळसा घेणे क्रमप्राप्त होते.

अलीकडील उदाहरणे सर्वांच्या स्मरणात असतील. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली. ती जुलैच्या मध्यास खुली झाली. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेन युद्धाच्या पार्श्वभूमीवर अमेरिका व रशिया यांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. परिणामी अमेरिकेतील एका कंपनीस मुंबईची थेट सेवा थांबवावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने पुनश्च भारतीय विमानांना मनाई केली व तिची मुदत पुढे महिन्यामहिन्याने वाढविली. दिल्लीहून सुटणाऱ्या विमानांना अशा मनाईची झळ अधिक बसते. मुंबईस अरबी समुद्र उंबरठ्याशीच असल्याने येथील विमान प्रारंभीच समुद्रावर निघून ओमान वा इराणच्या बाजूने वाट काढू शकते. तरीही वळसा तो वळसाच, आणि या लांबीच्या प्रवासात प्रत्येक शंभर किलोमीटरांस सुमारे पावणेसात मिनिटे व त्या प्रमाणात इंधन खर्ची पडते.

याखेरीज दोन इंजिनांच्या विमानास संकटसमयी ठरावीक वेळेत उतरता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवावा लागतो. उत्तर अटलांटिकवरील मार्ग तर त्या त्या दिवसाचा वारा पाहून दररोज नव्याने आखले जातात. म्हणून एकाच क्रमांकाचे विमान सोमवारी एका वाटेने व मंगळवारी दुसऱ्या वाटेने गेले, तर त्यात गैर काही नाही.

जाताना उशीर, येताना लवकर

आता वेळेकडे वळू. या पल्ल्याची जेट विमाने जमिनीपासून दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून, स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. त्या वेगाने १२,५३० किलोमीटर तोडण्यास सुमारे १३ तास ५५ मिनिटे लागावीत. परंतु त्या उंचीवरील हवा स्थिर नसते. उष्ण कटिबंध व ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानातील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रबळ झोतवारे निर्माण होतात. हिवाळ्यात तापमानातील तफावत वाढते व त्यांचा जोरही वाढतो. त्यांच्या गाभ्यातील वेग ताशी २०० किलोमीटरांवर, कधी ३०० च्याही पुढे जातो.

समजा, सबंध मार्गावर सरासरी ताशी ६० किलोमीटरचाच वारा आहे. न्यूयॉर्ककडे जाताना तो समोरून येतो. विमानाचा जमिनीच्या सापेक्ष वेग ८४० होतो आणि प्रवास १४ तास ५५ मिनिटांचा होतो. परत येताना तोच वारा पाठीशी असतो. वेग ९६० होतो व प्रवास १३ तास ३ मिनिटांत आटोपतो. एवढ्याशा वाऱ्याने पावणेदोन तासांहून अधिक फरक पडला. याखेरीज विमान आपल्या थांब्यावरून निघून धावपट्टीपर्यंत जाते, रांगेत थांबते, चढते, उतरण्यापूर्वी कधी घिरट्या घालते. वेळापत्रकातील काळ या सर्वांसह, थांब्यापासून थांब्यापर्यंतचा असतो. हे सारे मिळवून मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जावयास सर्वसाधारणपणे पंधरा ते सोळा तास आणि परतीस त्याहून तास-दीड तास कमी धरतात. वळसा पडल्यास त्यात भर पडते.

येथे एका रूढ गैरसमजाचा परामर्श घेणे इष्ट होईल. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हा पश्चिमेस जाणाऱ्या विमानास मुक्कामाचे ठिकाण स्वतःहून सामोरे यावे व त्याचा प्रवास लवकर संपावा, असा तर्क काही हुशार विद्यार्थी मांडतात. प्रत्यक्ष अनुभव नेमका उलट आहे. कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणाच्या आधारानेच उडते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेस सरकत असते. हवा मागे राहती, तर या वेगाचे वादळ आपल्या दारात अहोरात्र घोंघावत राहिले असते. परिवलनाचा परिणाम होतो तो वाऱ्यांच्या द्वारे, थेट नव्हे.

सर्वच उंच वारे पश्चिमेचे असतात असे मात्र समजू नये. पावसाळ्यात दक्षिण भारतावर मोठ्या उंचीवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोतवारा असतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये त्याचे विवेचन केले आणि आपल्या मोसमी पावसाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

इंधन आणि हापूस

मुंबई व न्यूयॉर्क यांतील अंतर १९४८ मध्येही हेच होते. पण ते एका दमात तोडणारे विमान नव्हते. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे पंख्याचे विमान लंडनला प्रथम निघाले, तेव्हा त्यास कैरो व जिनिव्हा येथे थांबावे लागले. १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ या जेट विमानाने न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, ती लंडनमार्गे. एअर इंडियाचे विमान मुंबईहून कोठेही न थांबता न्यूयॉर्कला जाऊ लागले ते १ ऑगस्ट २००७ पासून.

न थांबता जाण्यातील अडचण मुख्यतः इंधनाची. त्या सेवेसाठी वापरलेल्या बोइंग ७७७-२०० एलआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते. टाक्या पूर्ण भरल्या तर त्या इंधनाचे वजन १४५ टनांच्या घरात जाते आणि विमानाचे उड्डाणसमयीचे कमाल वजन सुमारे ३४७ टन आहे. दूर जावयाचे तर अधिक इंधन घ्यावे लागते, आणि ते अधिकचे इंधन वाहून नेण्यासही इंधन जळते. बैलगाडीत वाटेच्या वैरणीचाच भार इतका व्हावा की धान्याची पोती उतरवावी लागावीत, तसा हा प्रकार आहे.

पोती उतरविण्याची उपमा येथे सर्वस्वी लागू पडते. कोकणातील हापूस आंबा अमेरिकेत पाठविण्यास २००७ मध्ये अनुमती मिळाली. किरणन केल्याशिवाय तो तेथे स्वीकारला जात नाही. त्यासाठी लासलगाव येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची किरणनसुविधा प्रथम उपयोगात आली व पुढे वाशी येथे राज्य कृषी पणन मंडळाची सुविधा उभी राहिली. पिकू लागलेले फळ जहाजाने आठवडेच्या आठवडे नेणे जिकिरीचे असते, म्हणून ते विमानाने, बहुशः प्रवासी विमानांच्या पोटातील मालकक्षातून जाते. वारा फार विरोधी असला किंवा एखादी हवाई हद्द बंद होऊन वाट लांबली, म्हणजे इंधन वाढते; विमानाच्या एकूण वजनाची मर्यादा मात्र वाढत नाही. अशा वेळी प्रवाशांना खाली उतरविण्यापूर्वी मालावर कात्री चालते, हे ओघानेच आले. शिवाय वाहतूक किलोच्या दराने आकारली जात असल्याने वाढलेल्या वाटेचा खर्च अंती पेटीच्या भावात उतरतो. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारास कझाकस्तान वा रशियाच्या आकाशाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर हे आहे.

घड्याळ व तिकिटावरील तारीख

तिकिटावर सुटण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे दिलेली असते. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरून ठरते व ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. (सूर्याच्या मानाने मुंबई या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे आहे. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईने आपली स्वतंत्र वेळ कित्येक दशके चालविली होती.) न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास व उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. तेथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात.

उदाहरणादाखल, हिवाळ्यात विमान मुंबईहून रात्री १ वाजता सुटून त्याच तारखेस सकाळी ६.३० वाजता न्यूयॉर्कला उतरते असे मानू. तिकीट पाहणाऱ्यास हा प्रवास साडेपाच तासांचा वाटेल. त्यात साडेदहा तास मिळविले म्हणजे खरे सोळा तास निघतात. परतीचे विमान सोमवारी दुपारी १२ वाजता निघून मंगळवारी दुपारी १२.३० वाजता मुंबईस पोहोचत असेल, तर घड्याळाप्रमाणे साडेचोवीस तास दिसतात. त्यांतून साडेदहा वजा करता चौदा उरतात. जाताना मिळवावयाचे, येताना वजा करावयाचे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. परतीच्या तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे 'अधिक १' अशी खूण आढळते. ती पुढील तारखेची असते. आणावयास जाणाऱ्या मंडळींनी ती अवश्य पाहावी.

याहूनही घातक चूक मध्यरात्रीच्या तारखेची. परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख व वेळ ००.४५ असेल, तर ते विमान १४ तारखेच्या रात्री, बारानंतर पाऊण तासाने सुटते. आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून मोजण्याची सवय असल्याने ती रात्र १४ चीच वाटते, आणि १५ तारखेस दिवसभर निरोप घेऊन रात्री विमानतळावर जाणाऱ्या कुटुंबास आपले विमान आदल्या रात्रीच गेल्याचे कळते. विमानतळावर तीन तास अगोदर हजर राहणे इष्ट असल्याने या उदाहरणात १४ तारखेस रात्री पावणेदहापर्यंत तेथे असावयास हवे. कोल्हापूर, नांदेड वा जळगावकडून येणाऱ्यांनी गाडीचे आरक्षण याच हिशेबाने करावे.

विमानतळाचे नावही तपासावे. न्यूयॉर्क परिसरासाठी केनेडी विमानतळाप्रमाणेच न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क हा दुसरा मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची संख्या मोठी असल्याने पुष्कळांना तोच जवळचा पडतो. पण घेण्यास येणारी व्यक्ती एका विमानतळावर व प्रवासी दुसऱ्यावर असे झाल्यास भाषा न येणाऱ्या वृद्धांचे फार हाल होतात.

शेवटी प्रकृतीविषयी. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून राहिल्याने पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून पंधरा तासांच्या प्रवासात मधूनमधून उठून चालावे, घोटे हलवावेत, पाणी पीत राहावे. पश्चिमेस जाताना प्रवाशाचा तो दिवस साडेनऊ-दहा तासांनी लांबतो, येताना तितकाच आखूड होतो. ठरावीक वेळी इन्शुलिन वा अन्य औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत 'सकाळची' व 'रात्रीची' मात्रा या शब्दांना त्या दिवशी अर्थ उरत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी डॉक्टरांना तिकीट दाखवून मात्रांच्या वेळा मुंबईच्या घड्याळाप्रमाणे कागदावर लिहून घ्याव्यात, औषधे चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावीत आणि मनगटावरील घड्याळ विमान उतरेपर्यंत बदलू नये.